दुसऱ्याच्या नावाचा बंब

विकत घेतलेली वस्तू आपली होते, हे आपण सगळेच गृहीत धरतो. शासकीय सेवेची अडतीस वर्षे मीही ते गृहीत धरूनच चाललो. महसूल खात्यात राहिलेल्या माणसाला मालकी या विषयाचे फारसे कुतूहल उरत नाही. खसरा, नामांतरण, कब्जा, विक्रीपत्र या शब्दांनी त्याच्या साऱ्या शंका परस्पर मिटवून टाकलेल्या असतात. मोबदला दिला, पावती घेतली, ताबा मिळाला, की प्रकरण दाखल-दफ्तर. परंतु २०२१ साली निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी भंगारातून एक तांब्याचा बंब विकत घेतला आणि त्या बंबाने हे मिटलेले प्रकरण पुन्हा उघडले. ते अद्याप माझ्यापुरते निकाली निघालेले नाही. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कधीकाळी बंब होता, आणि बहुतेकांनी तो कधीतरी विकलाही असेल, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण माझ्या नातीला बंब म्हटल्यावर आगीचा बंब तेवढा आठवतो. पाणी तापविण्याचा बंब म्हणजे तांब्याच्या जाड पत्र्याचे उभे, गोल पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि नळीच्या भोवती सर्व बाजूंनी पाणी. बाजूला पितळेची तोटी, दोन अंगांना कड्या, वर झाकण. ढलप्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, शेंगांची टरफले, जे हाताशी असेल ते त्याला चालते. एक बादली ऊन पाणी काढले की वरून एक बादली गार पाणी ओतायचे. नियम एकच, पण तो कडक : आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटविला तर सांध्यांचा डाग वितळतो, कारण कथील-शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आतच मऊ पडतो. पाणी भोवती असेतोवर मात्र सांधा शंभर अंशांच्या वर जातच नाही. ज्या कोण्या तांबटाने हे प्रथम जुळविले त्याला पदार्थविज्ञान कोणी शिकविले असेल असे वाटत नाही, पण त्याला ते येत होते.

धारला आमच्या घरी असा बंब होता. पवारांच्या मागोमाग जी कुटुंबे माळव्यात आली त्यांपैकी आमचे एक. त्यांनी देव आणले, पोथ्या आणल्या, आणि माझ्या अनुमानाप्रमाणे अंघोळीच्या ऊन पाण्याची सवयही बरोबर आणली. पौषात येथे एखाददुसऱ्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा त्या सवयीचे मोल कळते. न्हाणीघराबाहेरच्या पडवीत बंब ठेवलेला असे. आई पहाटे साडेचारला उठून तो पेटवी. जाग येई तेव्हा धुराचा वास आणि तोटीतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकदमच येत. पहिली अंघोळ नानांची, त्यांना पूजा करून कचेरीत जायचे असे. मग आम्ही भावंडे वयाच्या क्रमाने. मग आई.

१९९६ साली देवासला घर बांधले. त्यात गीझर बसविला आणि धारचा बंब विकून टाकला. वजनावर विकला. तांब्याचा भाव काय मिळाला ते आज आठवत नाही, पण तराजूत बंब आडवा ठेवलेला आठवतो. आई तेव्हा आमच्याकडे देवासलाच होती. तिने विचारले, ‘‘बंब कोणाला दिलास?’’ मी म्हणालो, ‘‘विकला.’’ ती काही बोलली नाही. पुढे २००३ मध्ये ती गेली. त्या न बोलण्याचा अर्थ मी पंचवीस वर्षे एकच लावीत आलो : तिच्या हातची, तिच्या संसाराची वस्तू मी तिला न विचारता भंगारात घातली आणि तिला ते लागले. निवृत्तीनंतर वेळ मिळताच मी जुन्या बाजारांतून बंब शोधीत फिरू लागलो, त्याच्या मुळाशी हे होते. पर्यावरण, पुनर्वापर, जुन्या कारागिरीचे जतन ही कारणे मी लोकांना सांगत असे. ती खोटी नव्हती, पण ती नंतरची होती.

आमचा बंब सापडणे शक्यच नव्हते. तो केव्हाच वितळून विजेची तार झाला असणार. मला धारलाच एका भंगारवाल्याकडे दुसरा सापडला. उंची साधारण कमरेइतकी, तळ फुटलेला, तोटी गायब, जाळी गंजून गेलेली. पण पत्रा असा ठोकलेला की अंगावर ठोक्यांची नक्षी उठावी. त्यानेही तो वजनावरच दिला. नव्या बंबाच्या किमतीशी तुलना करता सौदा स्वस्त पडला, हे कबूल केले पाहिजे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही बंब घडविले जातात, पण ते येथवर आणविण्याचा खर्च आणि हातकामाची मजुरी धरली तर निवृत्तिवेतनधारकाने विचार करावा अशी रक्कम होते.

बंब घासल्यावर त्यावर अक्षरे दिसली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची जी पद्धत आहे, त्याप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली तीन ओळींची नोंद. पहिल्या ओळीत एका गृहस्थांचे नाव व आडनाव, दुसरीत ‘धार’, तिसरीत ‘शके १८६६’, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९४४-४५. आडनाव आपल्यातलेच, ओळखीचे. येथे ते देणे योग्य नव्हे.

दुरुस्तीला मी तो एका वृद्ध कसेऱ्याकडे नेला. त्याने बंब उलटा करून पाहिला, तळ नवा घालावा लागेल म्हणाला, तोटी आणि जाळीचे सांगितले आणि मग अगदी सहजपणे मालवीत विचारले की हे नाव घासून टाकू का, की राहू देऊ. जुनी भांडी घेणारे बहुतेक लोक नाव घासून घेतात, असे त्याने सांगितले. काही जण जुन्या नावाशेजारी आपले नाव घालून घेतात. तसेच ठेवणारे थोडे. मी म्हणालो, राहू दे. त्याने खांदे उडविले आणि कामाला लागला.

त्याचा प्रश्न धंद्याचा होता, पण तो माझ्याबरोबर घरी आला. नाव घासणे यात चूक काय? मी चोरी केलेली नाही. विकणाऱ्याने राजीखुशीने विकले, मधल्या दोन-तीन हातांनी आपापला नफा घेतला, मी शेवटची किंमत दिली. वस्तू माझी आहे, तर तिच्या अंगावरची अक्षरेही माझीच आहेत. तरीही हात अडतो. विक्रीपत्रात जे लिहिले जाते त्याच्या बाहेर वस्तूत काही शिल्लक राहते का, आणि राहत असेल तर त्याचा देणेकरी कोण, एवढाच खरे तर या लेखाचा विषय आहे.

कायद्याला हे शिल्लक अगदीच अमान्य आहे असे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० वाचावे. कर्जापोटी माणसाची मालमत्ता जप्त करताना काही वस्तू वगळाव्या लागतात : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे. म्हणजे ज्या वस्तूंवर माणसाचे माणूसपण टेकलेले आहे, त्या केवळ त्यांना बाजारात किंमत आहे म्हणून उचलता येत नाहीत. महसुलाच्या वसुलीत आम्हीही ही सूट पाळत असू. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी जप्तीची यादी करताना न्हाणीघरापाशी आलो, तेव्हा बरोबरच्या कारकुनाने विचारले, ‘‘साहेब, बंब स्वयंपाकाच्या भांड्यांत धरायचा का?’’ मी तरुण होतो, अक्षराला धरून चालणारा होतो. बंबात स्वयंपाक होत नाही. मी तो यादीत लिहिला. दुसऱ्या दिवशी त्या घराने रक्कम भरली, जप्ती उठली आणि बंब जागचा हलला नाही. पण यादीतल्या त्या नोंदीखालची सही माझीच होती. आज कोणी विचारले तर मी तो धरणार नाही. आणि का धरणार नाही याचे कायदेशीर कारण मला आजही देता येणार नाही.

तराजूवरून आठवले. धारच्या लाट मशिदीशेजारी ओट्यावर जी लोखंडी लाट तीन तुकड्यांत मांडून ठेवली आहे, ती आपण लहानपणापासून पाहतो. ते लोखंड ओतीव नव्हे, तापवून ठोकून सांधलेले आहे. तुकड्यांची लांबी मिळून तेरा मीटरांहून अधिक भरते आणि वजन सात टनांच्या आसपास, म्हणजे दिल्लीच्या सुप्रसिद्ध स्तंभाहून जास्तच. लोककथा म्हणते की ही गांगली तेलिणीच्या तराजूची दांडी. गुजरातच्या बहादुरशहाने ती आपल्या मुलखात न्यायचे ठरविले आणि त्या खटाटोपात ती पडून मोडली, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदले आहे. अकबराने १५९८ साली दक्षिणेकडे जाताना येथे मुक्काम केला, त्याचा लेख तिच्यावर आहे. आपण तिला भोजाचे नाव जोडतो, पण भोजाचा लेख तिच्यावर नाही. एकाने घडविली, दुसऱ्याने न्यायला पाहिली, तिसऱ्याने नाव घातले. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून शेंगा खात असू. मालक कोण म्हणून विचारण्याची बुद्धी कोणालाच झाली नव्हती.

बंबाकडे वळतो. दुरुस्त होऊन तो घरी आला, तेव्हा त्याचे काय करायचे याविषयी घरात मतभेद झाले. मुलाचे म्हणणे, दिवाणखान्यात ठेवावा, वर काच टाकून टीपॉय करावा. इंदूरच्या काही उपाहारगृहांत बंब असे दाराशी उभे केलेले मी पाहिले आहेत. कोणात कुंडी, कोणात छत्र्या. मला तो प्रकार सोसत नाही. वस्तूचा मान तिच्या कामात असतो. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने १९५३ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावातच आपली माताजीची टेकडी आहे. राजवाड्यात त्याने नवेकोरे पियानो पाहिले, वाजविता न येणारे. येथल्या कोरड्या हवेने त्यांचे सांगाडे तडकले होते आणि पट्ट्या अडकून बसल्या होत्या. विकत घेतले, मांडले आणि राहिले. मला त्या पियानोंपेक्षा फुटका बंब अधिक सन्माननीय वाटतो, कारण तो निदान काम करता करता फुटला. तेव्हा मी निक्षून सांगितले की बंब पेटवायचा, रविवारी का होईना. तो मागच्या अंगणात, मोकळ्यावर ठेवला. बंद न्हाणीघरात विस्तव ठेवून धुराने गुदमरून माणसे दगावल्याचे पंचनामे मी पाहिले आहेत, त्या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

येणारे-जाणारे बंब पाहून थबकत. ‘‘वा, घरचा दिसतोय! वडिलोपार्जित?’’ पहिल्या वेळी मी खुलासा करणार होतो, पण तेवढ्यात चहा आला. दुसऱ्या वेळी मी नुसता हसलो. तिसऱ्या वेळेपर्यंत मला त्या हसण्याची सवय झाली होती. मी खोटे एक अक्षर बोललो नाही, पण दुसऱ्याच्या घराण्याचा भूतकाळ माझ्या अंगणात उभा करून त्याचे कौतुक मी खिशात घालीत होतो. नाव भिंतीच्या बाजूला वळवून ठेवले होते. ते मुद्दाम केले की सोयीसाठी, हे आज मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. नाव घासायला नकार दिल्याचे समाधान मात्र मी पुरेपूर उपभोगीत होतो.

पुढच्या हिवाळ्यात, २०२२-२३ मध्ये, मुलीकडे इंग्लंडला जाणे झाले. युक्रेनच्या युद्धामुळे त्या वर्षी तिकडे इंधनाचे दर भडकलेले आणि घर ऊबदार ठेवणे हा प्रत्येक घरातला बोलण्याचा विषय. मुलगी-जावयांनी शंभर वर्षांपूर्वीचे एक बैठे-चाळवजा घर घेतले आहे आणि त्यात त्यांनी जुने ओतीव लोखंडाचे रेडिएटर बसविले आहेत, तेही नवे नव्हे, पाडलेल्या एका शाळेतून निघालेले. तिकडे अशा वस्तूंची मोठमोठी आवारे असतात. दारे, खिडक्या, फरशा, शेगड्या आणि रांगेने उभे केलेले रेडिएटर. जावयांनी मला सगळे उत्साहाने समजावून सांगितले. रेडिएटर म्हणजे एकमेकांना जोडलेले पोकळ लोखंडी खण. त्यांतून बॉयलरमध्ये तापलेले पाणी फिरते आणि खोली गरम होते. १८५५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये सान गाली नावाच्या कारखानदाराने ही कल्पना काढली असे मानतात, म्हणजे ती रशियाच्या थंडीतून जन्मली. लोखंड जड असल्याने तापायला वेळ घेते, पण बॉयलर बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवते. जुना घ्यायचा तर त्यात पाणी भरून दाब देऊन पाहायचा, कारण थंडीत आत पाणी गोठून खण तडकलेला असू शकतो. आतला गाळ धुऊन काढायचा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव, म्हणून तो घरात खरवडायचा नाही. जमीन लाकडी असेल तर ती एवढे वजन पेलेल का हे आधी पाहायचे.

हे ऐकताना मला आपला बंब आठवत होता. तत्त्व तेच, विस्तवाची ऊब पाण्याच्या स्वाधीन करायची. मी जावयांना विचारले, ‘‘ज्या शाळेतून हे आले, तिथली मुले कधी आठवतात का?’’ ते म्हणाले, ‘‘बाबा, याच्या मागे ओतशाळेचा क्रमांक आहे, नाव कोणाचेच नाही.’’ मग हसून म्हणाले, ‘‘नाव असते तर थोडे अवघडल्यासारखे झाले असते.’’ त्यांनी सहज म्हटले. पण माझ्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभे असलेले नाव मला हजारो कोसांवरून दिसले.

मार्सेल मॉस या फ्रेंच पंडिताने १९२५ साली दानावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो आणि घेणाऱ्याला तो स्वस्थ बसू देत नाही, अशी अनेक समाजांची समजूत असल्याचे त्याने दाखविले. विकलेल्या वस्तूतून मात्र हा अंश पैशाने धुऊन निघतो, अशी आधुनिक माणसाची समजूत. भंगारात तर ही धुलाई पुरी होते, कारण तेथे वस्तूचा आकारही हिशेबात धरला जात नाही, केवळ धातू मोजला जातो. मला वाटते, कोरलेले नाव या धुलाईला विरोध करते. ते मालकीची खूण म्हणून कोरलेले असते खरे, पण मालकी संपल्यावरही ते बोलत राहते, आणि आता ते सांगते ते एवढेच की येथे कोणीतरी होते. गांधीजी ज्याला विश्वस्तपण म्हणत, ते मोठ्या संपत्तीविषयी होते. कमरेएवढ्या बंबाला ते लावणे कोणाला हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. गिरणीचा विश्वस्त होण्याचा प्रसंग आपल्यापैकी कितीजणांवर येणार?

परत आल्यावर मी ठरविले की त्या घराण्याचा शोध घ्यायचा आणि त्यांना हवा असेल तर बंब परत द्यायचा, दुरुस्तीचा खर्चही न घेता. शोध घ्यायला अडचण पडली नाही. धारची मराठी वस्ती ती केवढी! आपल्याच मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी दोन दिवसांत सांगितले की त्या गृहस्थांचे वंशज पुण्याला आणि बंगलोरला गेले, एक सूनबाई तेवढ्या इंदूरला आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे. दूरध्वनी क्रमांकही दिला.

मी फोन केला. काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवले होते, कदाचित थोडे अलंकारिकही. आपल्या घराण्याची एक अमानत माझ्याकडे आहे, वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘‘तो बंब? अहो भाऊ, तो आम्ही विकला नाही, टाकला. मीच टाकायला लावला.’’

मला काही सुचेना. त्या शांतपणे सांगत गेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. घरात नऊ माणसे. पहाटे चारला उठून बंब पेटवायचा हे आधी सासूबाईंचे काम होते, मग ते यांच्याकडे आले. पावसाळ्यात लाकडे ओली, फुंकणीने फुंकता फुंकता डोळ्यांत पाणी. सासूबाईंचे डोळे त्या धुराने गेले असे त्या म्हणाल्या. वैद्यकीय कारण काही का असेना, घरात सगळ्यांची तीच समजूत होती. ‘‘आणि सगळ्यांचे होऊन आमची पाळी येईपर्यंत पाणी कोमट. कोणी वरून गार पाणी ओतले तर पुन्हा ढलप्या घाला, पुन्हा फुंका. गीझर आला त्या दिवशी सासूबाईंनी मला जवळ बोलावून सांगितले, हा आधी घराबाहेर काढ.’’

मी विचारले, ‘‘ताई, त्यावर नाव आहे. सासऱ्यांचे ना?’’

‘‘त्यांचेच. देवमाणूस होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांनी तो जन्मात कधी पेटवला नाही.’’

बंब त्यांना नको होता. तुम्ही ठेवा, वापरा, नाव ठेवा नाहीतर पुसा, म्हणाल्या. एवढे मात्र विचारले, ‘‘तुमच्याकडे कोण पेटवते?’’ मी पेटवतो म्हणून सांगितले. खरे होते, पण अर्धे. पेटवीत मी होतो, ढलप्या फोडून ठेवीत होता बागेचा माळी, आणि राख काढीत होती पत्नी. फोन ठेवल्यावर हे माझ्या लक्षात आले.

त्या संभाषणानंतर माझ्या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. वस्तूत माणसाचा अंश राहतो असे मी मोठ्या थाटात मानीत होतो. राहत असेलही. पण कोणाचा? ज्याचे नाव कोरले त्याचा, की जिने तो पन्नास वर्षे फुंकला तिचा? मी नाव राखले म्हणजे स्मृती राखली असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात मी फक्त खरेदीची नोंद राखली होती. जुन्या वस्तूंचे प्रेम हे पुष्कळदा त्या वस्तूंचा उपभोग घेणाऱ्यांचे प्रेम असते. राबणाऱ्यांना विचारले तर उत्तर वेगळे येते, पण त्यांना विचारण्याची वेळ येईपर्यंत त्या बहुधा गेलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुराच्या प्रदूषणाने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. या आकड्यात बायका आणि मुले किती असतील, ते पडवीत वाढलेल्या आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी गीझरचाही हिशेब करून पाहिला. वीस लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला जेमतेम सहा दशांश युनिट वीज लागते. एका बायकोच्या पहाटेच्या झोपेची किंमत आम्ही यापेक्षाही कमी धरली होती.

याचा अर्थ बंब भंगारात परत घालावा असा मी काढत नाही. मित्रांपैकी एकांनी तसे सुचविले, आणि त्यांच्या तर्कात दोष काढता आला नाही. पण तांब्याचा यात काय अपराध? चार वाजता कोणी उठायचे हे बंबाने ठरविले नव्हते. जुनी वस्तू पुन्हा वापरात घ्यायची तर तिच्याबरोबर आलेली कामाची वाटणीही जुनीच घ्यायची, असे कोठे लिहिलेले नाही. इंग्लंडच्या त्या रेडिएटरांतला गाळ धुऊन काढल्याशिवाय त्यांना नव्या नळाला जोडीत नाहीत, हे मला तेथे सांगितले गेले होते. तेव्हा मी ते केवळ नळकामाची माहिती म्हणून ऐकले.

सर्वांत अवघड झाले ते आईच्या बाबतीत. ‘‘बंब कोणाला दिलास?’’ – ‘‘विकला.’’ – आणि मग ते न बोलणे. त्यात दुःख होते असे मी धरून चाललो होतो आणि त्या दुःखाच्या प्रायश्चित्तासाठी मी परक्याचा बंब विकत घेतला होता. आता वाटते, ती सुटकाही असू शकेल. किंवा असेही असेल की चाळीस वर्षे रोज पहाटे जे केले त्याची बेरीज एका शब्दात तराजूवर गेली, यावर बोलण्यासारखे तिला काही सापडले नाही. मी तिला तेव्हाच विचारायला हवे होते, आणि तेही विकण्याआधी. ती शेजारच्या खोलीत होती. जप्तीच्या यादीत बंब लिहिताना मी निदान घरमालकाला नोटीस तरी दिली होती.

सध्या व्यवस्था अशी आहे. मार्गशीर्ष-पौषातल्या रविवारी मी साडेपाचला उठतो, ढलप्या मीच फोडतो, राखही मीच काढतो आणि ती गुलाबांना घालतो. पहिली बादली पत्नीची. पहिल्या रविवारी ती म्हणाली, ‘‘गीझर आहे ना? उगाच धूर कशाला?’’ आणि गीझरच्याच पाण्याने अंघोळ केली. पुढच्या रविवारी घेतली, आणि पाणी छान लागते म्हणाली, पण दर रविवारी घेईनच असे नाही हेही सांगितले. नाव आता भिंतीकडे नाही, समोर आहे. पाहुण्यांनी वडिलोपार्जित का म्हणून विचारले तर मी सरळ सांगतो की भंगारातून घेतला, अमक्या घराण्याचा होता. काहींचा चेहरा थोडा उतरतो.

गेल्या वर्षी इंदूरच्या त्या ताईंना पुन्हा फोन केला आणि त्यांच्या सासूबाईंचे नाव विचारले. ‘‘कशाला?’’ म्हणाल्या. मी कारण सांगितले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्यांनी नाव सांगितले, सासरचे, आणि जरा थांबून माहेरचेही. मी बंब घेऊन पुन्हा त्या कसेऱ्याकडे गेलो. म्हाताऱ्याने पत्रा बोटांनी चाचपून पाहिला, नखाने वाजवला आणि मान हलवली. वर्षानुवर्षे चिंच-राखेने घासून घासून तो त्या बाजूला पातळ झाला आहे, नव्या अक्षरांचे ठोके सोसणार नाही, भोके पडतील, असे त्याचे मत पडले. तळ मात्र नवा आहे, तो जाड आहे, तेथे कोरून देतो म्हणाला. तळावर कोरलेले कोणाला दिसणार नाही. मी अजून त्याला हो किंवा नाही कळविलेले नाही.